चाकांच्या टेहळणी गाड्या: मुलांसाठी कुठलं किट घ्यावं?

यंदा गणपतीत, इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, मुलांच्या स्केल मॉडेल्सच्या टेबलावर चाकांच्या चिलखती टेहळणी गाड्या मांडायचं ठरतंय. तेव्हापासून पालकांचा एकच प्रश्न येतो: किट एकच घ्यायचंय, कुठलं घेऊ? मुलं साहजिकच सगळ्यात लांब तोफेचा डबा उचलतात. माझं म्हणणं, तोफ राहू द्या, आधी गाडीची पाठ बघा. शत्रू दिसल्यावर ही गाडी परत कशी फिरणार, या एका प्रश्नाचं उत्तर प्रत्येक सैन्यानं वेगळं दिलंय आणि ते मॉडेलमध्येही स्पष्ट दिसतं.

रणगाड्याच्या पट्ट्यांऐवजी चाकं का, हे मुलांना आपल्याच उदाहरणानं सांगता येईल. १९४७ च्या नोव्हेंबरात आपल्या सैन्यातल्या ७ लाइट कॅव्हलरी या पलटणीच्या चिलखती मोटारी स्वतःच्या चाकांवर, घाटरस्त्यानं श्रीनगरला पोहोचल्या आणि ७ नोव्हेंबरला शहराजवळच्या शालटेंगच्या लढाईत, पाकिस्तानातून आलेल्या टोळीवाल्यांच्या पाठीवर जाऊन आदळल्या. लांबचा पल्ला, कमी आवाज, कमी डागडुजी, हे चाकांचं देणं. चिखल आणि भुसभुशीत जमीन मात्र त्यांच्या जिवावर येते.

फ्रान्सच्या पनार कंपनीनं यावर काढलेला तोडगा म्हणजे ई.बी.आर. ही १९५१ मध्ये फ्रेंच सैन्यात आली. चाकं आठ, पण मधली चार धातूची आणि दातेरी. रस्त्यावर ती वर उचललेली असतात; रान लागलं की खाली सोडायची. बारा सिलिंडरचं इंजिन पार चपटं करून फरशीखाली बसवलं आणि पुढे एक, मागे एक असे दोन ड्रायव्हर दिले. संकट आलं तर गाडी वळवायची नाही, मागच्यानं सूत्रं हाती घ्यायची. यंत्र म्हणून मला ही सर्वांत देखणी वाटते. पण इंजिन काढायचं तर आधी टरेट, म्हणजे तोफेचा फिरता घुमट, उचलावं लागे. कारखान्यातल्या मेकॅनिकनी डिझाइनवाल्यांचा काय उद्धार केला असेल, कल्पना करा! १९७० मध्ये फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष द गॉल यांची शवपेटी टरेट काढलेल्या ई.बी.आर.वरूनच नेली होती.

सोव्हिएत बी.आर.डी.एम.-२ मध्येही ‘मधली चाकं’ आहेत, पण छोटी, टायरवाली आणि पोटाखाली दडलेली. खंदक ओलांडताना खाली येणारी. साधारण सात टनांची ही गाडी मागच्या वॉटरजेटवर, म्हणजे पाण्याचा झोत मागे फेकून, पोहते. १४.५ मिलिमीटरची मशीनगन, चार माणसं, भरपूर देशांत विक्री. आपल्या सैन्यानंही ती वापरली. पाठीचं म्हणाल तर तिथे पेट्रोल इंजिन, आणि टरेटला बाहेर पडायचं झाकणच नाही. चौघांनी उतरायचं ते पुढच्या दोन झाकणांतून, म्हणजे गोळ्या येतात त्याच दिशेला. स्वस्तात मस्त, पण आतल्या माणसाचा विचार शेवटी केलेला.

पश्चिम जर्मनीची लुक्स इथे माझी सरळ निवड. १९७५ पासून ४०८ गाड्या दिल्या गेल्या. आठही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो, आठही वळतात, आणि वेग पुढे नव्वद तर मागेही नव्वद. मागचा ड्रायव्हर एरवी रेडिओ सांभाळतो. आवाज इतका दाबलेला की त्याचीच ख्याती झाली. तोफ फक्त २० मिलिमीटरची, आणि ती मुद्दामच. हातात मोठी तोफ आली की माणसाला लढायची खुमखुमी येते, आणि टेहळणी बाजूला राहते. फ्रेंचांच्या ए.एम.एक्स.-१० आर.सी.वर १०५ मिलिमीटरची तोफ आहे. २०२३ मध्ये युक्रेनला त्या मिळाल्यावर समोरून हल्ल्यासाठी चिलखत पातळ पडतं, अशी तिथल्या अधिकाऱ्यांची तक्रार आली. गाडी तीच, काम चुकीचं.

लुक्सची जागा पुढे फेनेकनं घेतली. जर्मनी आणि नेदरलँड्सची ही चारचाकी २००३ पासून आली. तिला मागे ड्रायव्हर नाही, कारण मुळात पुढे जाऊन तोंड दाखवायचंच नाही. गाडी टेकाडाआड उभी, आणि उंचावणाऱ्या खांबावर थर्मल (उष्णता टिपणारा) कॅमेरा, दिवसाचा कॅमेरा नि लेझर अंतरमापक. तो डोळा उतरवून केबलनं दूरही ठेवता येतो. तिघं आत बसून पडदा बघतात. पन्नास वर्षांत टेहळणी ड्रायव्हरच्या कौशल्याकडून कॅमेऱ्याकडे सरकली ती अशी. आता बघायचं म्हणजे हवेतलं विषही बघायचं. त्यासाठीचा रासायनिक वायू ओळखणारा यंत्रसंच आपल्याच गावातल्या डी.आर.डी.ई. या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेनं विकसित केलाय. फेब्रुवारी २०२५ मध्ये असे २२३ संच घ्यायचा करार संरक्षण मंत्रालयानं केला. मुलांनी टेबलावर त्याची एक चिठ्ठी जरूर लावावी.

आता खरेदीचं बोलू. पहिलंच किट असेल आणि मूल दहा-बाराचं, तर बी.आर.डी.एम.-२: चाकं कमी, रंग एकच हिरवा, आणि चिखल फासला की जोडाच्या चुका झाकल्या जातात. फेनेक आकारानं साधारण तेवढीच, १/३५ ला (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाच्या मापाला) जेमतेम सोळा सेंटिमीटर. पण खांबावरचे कॅमेरे बारीक, चिमट्याशिवाय हात लावू नका. ई.बी.आर. फक्त धीराच्या मुलांना. मधली चाकं वर ठेवायची की खाली, हे गोंद लावायच्या आधी ठरवावं लागतं, आणि मुलं नेमकं ते नंतर ठरवतात.

लुक्सला बावीस सेंटिमीटर जागा लागेल. आठ चाकं एका पातळीत बसवायची तर काचेवर ठेवून डोळा खाली नेऊन बघा. एक जरी तरंगलं तरी टेबलावर लगेच दिसतं. रंग सुरुवातीच्या काळातला एकरंगी पिवळट ऑलिव्ह द्या, नंतरचा तीन रंगांचा कॅमोफ्लाज लहानग्यांना झेपत नाही. एअरब्रश (रंग फवारायचं यंत्र) मात्र मे-जूनच्या लूमध्ये, त्या गरम वाऱ्यात, काढू नका: ॲक्रिलिक रंग नोजलवरच वाळतो आणि पृष्ठभागावर दाणे पडतात. पाऊस लागल्यावर संध्याकाळी बसा. आणि मागच्या ड्रायव्हरचं झाकण उघडं ठेवून आत एक माणूस बसवाच. ही गाडी उलटी का चाललीय, असं येणाऱ्यांतला निम्मा गाव विचारणार.