ओरॅकल की पोस्टग्रेस: बाजारात कोण कुठे?

ओरॅकलची खरी ताकद जुन्या ग्राहकांत आहे. १९७९ पासून विकला जाणारा हा डेटाबेस (माहिती साठवून हवी तेव्हा काढून देणारं सॉफ्टवेअर) बँका, टेलिकॉममध्ये पार मुरलाय. लायसन्स महाग असूनही ग्राहक सहसा दुसऱ्या डेटाबेसकडे हलत नाही, कारण हलणं त्याहून जिकिरीचं. साधी गोष्ट घ्या: ओरॅकल रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) नल, म्हणजे ‘माहितीच नाही’, असं मानतो, पोस्टग्रेस मानत नाही. एवढ्या एका फरकापायी ढीगभर क्वेरी (डेटाबेसला विचारायचे प्रश्न) पुन्हा तपासाव्या लागतात. वर पीएल-एसक्यूएल या ओरॅकलच्या स्वतःच्या भाषेतला वर्षानुवर्षांचा कोड आहेच.

पोस्टग्रेसला मालकच नाही. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात १९८६ साली सुरू झालेल्या प्रकल्पातून आलेला हा डेटाबेस आज ॲमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट तिघेही आपापल्या क्लाउडवर सेवा म्हणून विकतात. नवं काही उभारायचं असेल, तर मी डोळे झाकून पोस्टग्रेसच घेईन.