कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती: पाचपैकी अडीच तारे

कॉलेजचं नाव लिहिणार नाही, आणि माझ्या भाचीच्या बाबतीत काय घडलं तेही लिहिणार नाही. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याचं कलम 16 तसं लिहू देत नाही. पण कुणाची ओळख उघड न करता, मिळालेल्या न्यायाबद्दल बोलायची मोकळीक त्याच कलमात ठेवलेली आहे, तेवढीच वापरतो. पोरगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला, मुलगा तिला सीनियर, आणि प्रकार टोमण्यांच्या फार पुढे गेलेला. पोलिसांत वेगळी फिर्याद दिली आहे. ते प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, त्यावर अवाक्षर नाही. हा अभिप्राय फक्त अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या कॉलेजच्या समितीबद्दल.

माझी सगळी नोकरी न्यायालयाच्या कार्यालयात गेली. आवक-जावक केलं, नाझर शाखा, म्हणजे कोर्टाच्या पैशांचा हिशेब, पाहिली, शेवटची वर्षं बेंच क्लार्क होतो. त्यामुळे कुठेही गेलो की माझं लक्ष आधी कागदाकडे जातं. बहीण म्हणाली, "दादा, तू सोबत जा, मला तिथे रडू येईल." म्हणून गेलो.

प्रवेशद्वारापाशी समितीचा फलक आहे, छान निळा. त्यावरच्या अध्यक्षबाई आदल्या वर्षीच निवृत्त झालेल्या. खालचा मोबाइल नंबर कुणा अनोळखी गृहस्थांनी उचलला आणि वैतागून ठेवला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम 2 मे 2016 ला अधिसूचित झाले, त्यात सदस्यांची नावं आणि संपर्क ठळकपणे लावायला सांगितलं आहे. ठळकपणे लावलं होतं, यात वाद नाही.

मग विद्यार्थी विभागाची खिडकी. मागे स्कॉलरशिपच्या फॉर्मवाल्या पोरांची रांग. खिडकीतल्या क्लार्कने अर्ज हातात घेऊन विषय मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मी हात घालून कागद परत ओढला. म्हटलं, लिफाफा बंद करून देतो, आवक रजिस्टरला 'गोपनीय, अध्यक्ष, अंतर्गत समिती' एवढंच लिहा आणि नंबर टाकून पोच द्या. तो म्हणाला, "काका, असल्या विषयाला पोच कशाला? मॅडम बघतील ना." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यावी लागते, आणि आपण ती कधी दिली हे सांगायला त्या पोचेशिवाय पोरीकडे दुसरं काही नसतं. शिक्का, तारीख, सही घेऊनच हललो. 2013 च्या कायद्याखालच्या नियमांत सहा प्रती सांगितल्या आहेत, तेवढ्या जोडल्या होत्या. त्या बघून क्लार्क चक्रावला.

त्यानंतर या मॅडम, म्हणजे समितीच्या आताच्या अध्यक्ष, भेटल्या. चहा आला. पोरीच्या पाठीवर हात फिरवून झाला. सहानुभूती भरपूर, त्यात कुचराई नाही. पण बोलता बोलता विभागातले एक सर येऊन बसले आणि मुलाची प्लेसमेंट, घरची परिस्थिती, लेखी माफी असं सुरू झालं. समेट करायचा असेल तर तो तक्रारदार मुलीने मागायचा असतो, इतरांनी सुचवायचा नसतो, आणि पैशाची तडजोड तर त्यात चालतच नाही. भाची शांतपणे म्हणाली, "सर, मला चौकशी हवी आहे." मी तिच्याकडे बघतच राहिलो. घरी ही पोरगी भाजीवाल्याशी भाव करत नाही.

आता समितीबद्दल. आयोगाच्या नियमांप्रमाणे अध्यक्ष वरिष्ठ प्राध्यापिका हवी, दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर, विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेचा. निम्म्या तरी बायका हव्यात. प्राचार्य, कुलसचिव, विभागप्रमुख असे अधिकारपदावरचे लोक नकोत. इथे विद्यार्थी सदस्य निवडून आलेले नव्हते, सरांनी सांगितलेले होते. आणि पहिल्याच बैठकीला विभागप्रमुख 'निमंत्रित' म्हणून हजर! मला आत प्रवेश नव्हता, ते बरोबरच आहे, मी जिन्यापाशी बाकावर. पण भाचीला आदल्या रात्री एक गोष्ट घोटून सांगितली होती: जे खटकेल ते बोल, आणि 'हे कामकाजात लिहून घ्या' असं म्हण. तिने तसं म्हटलं. बाहेरच्या सदस्य ताईंनी लगेच तिची बाजू घेतली, आणि विभागप्रमुख पाच मिनिटांत माझ्यासमोरून फाइल काखेत मारून गेले.

या ताईंसाठी अडीचातला दीड तारा राखून ठेवला आहे. जबाब त्यांनी घेतला. आधी पाणी, मग खिडकीकडची खुर्ची, मग विचारलं की मराठीत सांगणार की इंग्रजीत. मध्ये कुणालाही बोलू दिलं नाही. लिहून झाल्यावर पूर्ण वाचून दाखवला, दोन ठिकाणी पोरीने दुरुस्ती सांगितली ती केली, प्रत्येक पानावर सही घेतली आणि प्रत दिली. पोलिसांत जायचं असेल तर मदत करणं हे कॉलेजचंच काम आहे, हेही पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं. तोवर बाकीचे 'आधी इथलं होऊ दे, मग बघू' असंच म्हणत होते.

अंतरिम उपायात मात्र समितीने डोकं लावलं नाही. मुलगी आणि मुलगा एकाच प्रयोगशाळेत वेगवेगळ्या वेळी यायचे, अधूनमधून समोरासमोर. समितीने काय केलं? मुलीची बॅच बदलली. म्हणजे मैत्रिणी सुटल्या, जर्नल पार्टनर सुटली, आणि वर्गाला आपोआप कळलं की काहीतरी आहे. मुलाला लांब राहायची ताकीद देता येते, गरज पडली तर त्याला आवारात येण्यापासून रोखता येतं, हे आयोगाच्या त्याच नियमांत छापलेलं आहे. आम्ही लेखी मागितलं तेव्हा बॅच पूर्ववत झाली आणि मुलाची वेळ बदलली. तोंडी मागितलं होतं तेव्हा "बघतो" असं उत्तर होतं.

चौकशीचं सांगतो, कारण इथे बरेच पालक चुकीचं समजतात. माझी बहीणही रोज विचारायची, "अजून त्याला काढलं का नाही?" तक्रारीची प्रत सात दिवसांत त्या मुलाला जायला हवी, त्याचं म्हणणं दहा दिवसांत यायला हवं. हे ऐकून तिला संताप आला, त्याला कशाला प्रत? मी तिला गोवा विद्यापीठाचं प्रकरण सांगितलं. 2009 साली तिथल्या विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने पाठोपाठ सुनावण्या लावून घाईघाईने चौकशी उरकली, त्यांची नोकरी गेली, उच्च न्यायालयात ते टिकलंही. 12 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने बचावाची पुरती संधी दिली नाही म्हणून ती कारवाई रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे धाडलं. चौदा वर्षांनी! त्या मुली तोवर कुठल्या कुठे गेल्या असतील. समितीने कागद कच्चा ठेवला की त्याची किंमत शेवटी तक्रारदारच मोजते.

याची दुसरी बाजू रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजच्या जुन्या प्रकरणात आहे. रात्री मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात शिरून गैरवर्तन केलेले विद्यार्थी. मुलींचे जबाब समितीने त्या विद्यार्थ्यांच्या माघारी घेतले, समोरासमोर उलटतपासणी होऊ दिली नाही. पण आरोप काय आहेत ते त्यांना सांगितलं आणि उत्तर द्यायची संधी दिली. 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई कायम ठेवली. म्हणजे पोरीला त्याच्या समोर उभं न करताही चौकशी रीतसर करता येते. आमच्या समितीने मुलाचे प्रश्न लेखी मागवले, ताईंनी ते गाळून भाचीला विचारले. 'त्या दिवशी कपडे कोणते होते' छापाचे प्रश्न बाहेर काढले आणि का काढले ते नोंदवलं. ही पद्धत मला आवडली.

चौकशी 90 दिवसांत आणि त्यानंतर दहा दिवसांत अहवाल व्हायला हवा होता, उशिरा झाला, मध्ये परीक्षा आणि नॅकच्या मूल्यांकनाची गडबड असं कारण. भाषा इंग्रजी, त्यामुळे बहिणीला मी वाचून दाखवला. निष्कर्ष नीट कारणांसह लिहिला आहे, हे कबूल करतो. काही कनिष्ठ न्यायालयांचे निकाल यापेक्षा विस्कळीत पाहिलेत मी. शिफारस अशी की मुलाला ठरावीक मुदतीसाठी निलंबित करावं, वसतिगृह बंद आणि समुपदेशन सक्तीचं. अहवालानंतर 30 दिवसांत कॉलेजने अंमल करायचा असतो. तो महिना संपला तरी मुलगा कॅन्टीनमध्ये दिसत होता. आम्ही स्मरणपत्र दिलं, पोच घेतली, आणि चार दिवसांत आदेश निघाला. आदेश आधीच टाइप होऊन टेबलावर सहीसाठी पडलेला होता, असं क्लार्कनेच सांगितलं. आता त्याची आमच्याशी बऱ्यापैकी ओळख झाली आहे.

एक गोष्ट राहिली. कॉलेजचा वार्षिक अहवाल चाळला, मागच्या वर्षांचे. लैंगिक छळाच्या तक्रारी: निरंक, म्हणजे एकही नाही. त्याआधीही निरंक. प्राचार्य पालकसभेत हे अभिमानाने सांगतात. ज्या खिडकीवर विषय मोठ्याने वाचतात आणि ज्या फलकावर चुकीचा नंबर आहे, तिथे निरंकच येणार. प्रवेश घेताना मोठा आकडा बघून घाबरू नका, सलग निरंक दिसलं तर मात्र फलकावरच्या नंबरला एक फोन लावून बघा.

तारे असे: ताईंना दीड, लेखी प्रश्नांच्या पद्धतीला आणि अहवालाच्या लिखाणाला मिळून एक. फलक, खिडकी, बॅच बदलणं आणि मुदती, यांना काही नाही. मुलाकडून अपील दाखल झालं आहे, असं कळतं. त्याचा निर्णय आला की तारे कमी-जास्त करीन. फलकावर तोवर नवीन नंबर आला तर तेही लिहीन.