दिव्यात आयसी नाही, बिलात मात्र सहा

'सेन्सर आयसी बदली, ६ नग, ५४० रुपये.' आमच्या सोसायटीच्या फाइलला लावलेल्या कच्च्या बिलावर असं लिहिलंय. त्या सहाही दिव्यांत आयसी, म्हणजे चिप, आधीही नव्हती, आताही नाही.

नाशिकच्या इंदिरानगरमधली आमची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. जिन्याच्या प्रत्येक वळणावर प्लगमध्ये खोचायचे छोटे एलईडी नाइट लॅम्प लावलेत. अंधारलं की आपोआप लागतात, उजाडलं की बंद होतात. हळूहळू ते मंद झाले, एकदोन लुकलुकायला लागले. खजिनदार मी, म्हणून पिशवीत भरून मेन रोडच्या मागच्या गल्लीत एका रिपेअरवाल्याकडे नेले. त्याने एक दिवा न उघडताच हातात फिरवला. "साहेब, चायना माल आहे. याचं सर्किट डायग्राम कुठंच मिळत नाही. सेन्सर आयसी गेलीये, मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून मागवावी लागेल. नव्वद रुपये नग."

दिवे परत मिळाले ते लख्ख लागत होते. झाकणं मात्र फेविक्विकने पक्की चिकटवलेली. का, तर म्हणे ओल जाऊ नये म्हणून.

मग तळमजल्यावरच्या काकूंनी हटकलं, "अहो, हे दिवे दिवसाढवळ्या पण चालूच असतात की!" वीज फार जात नाही, पण ऑटोमॅटिक दिवा भर दुपारी कशाला लागेल? थोड्याच दिवसांत दोन पुन्हा मंद झाले. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "चायना मालाला गॅरंटी नसते, साहेब."

दुसऱ्या मजल्यावरचे काका सातपूरच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. त्यांनी हॅकसॉच्या पात्याने झाकण उचकटलं. आत काडेपेटीएवढा बोर्ड. त्यावर ३३४ छापलेला चपटा कपॅसिटर, चार डायोड, एक झेनर, एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, तीन पायांचा ट्रान्झिस्टर, थोडे रेझिस्टर, एलईडी आणि वर नागमोडी रेघ असलेला एलडीआर, म्हणजे उजेड ओळखणारा सेन्सर. बस्स. काकांनी बोर्ड उलटा करून जुन्या पाकिटाच्या मागे पेन्सिलने अख्खं सर्किट काढून दाखवलं. ज्याच्या डायग्रामसाठी दुकानदार हात वर करत होता, ते चहा गार व्हायच्या आत कागदावर आलं.

एलडीआरचा एक पाय कटरने सफाईने कापलेला होता. उजेड पडला की एलडीआरचा रोध उतरतो, ट्रान्झिस्टर बंद होतो आणि दिवा विझतो. पाय कापला की दिवा चोवीस तास चालू. यामागची चलाखी काकांनी सांगितली: दुकानात ट्यूबलाइट चालू असते, तिथे दिवा 'लागला' म्हणून दाखवायचा तर सेन्सर आडवा येतो. म्हणून सेन्सरच तोडायचा.

खरा दोष होता कपॅसिटरचा. या दिव्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो, २३० व्होल्टमधून येणारा करंट कपॅसिटरच आवरतो. ०.३३ मायक्रोफॅरडचा असेल तर सुमारे २४ मिलिअँपिअर. लाइनमध्ये झटके येतात तशी त्याच्या आतल्या फिल्मवरचा धातूचा थर ठिकठिकाणी जळत जातो, व्हॅल्यू उतरते आणि दिवा मंदावतो. रिपेअरवाल्याने कपॅसिटर बदलला होता खरा, पण तो दुसऱ्या कुठल्या बोर्डातून उपटलेला. पायांवर जुनं सोल्डर, एका पायाला जोडतार, आणि अंगावर '२५० व्ही डीसी'. २३० व्होल्ट एसीचं शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जातं, हा बिचारा टिकणार कसा? मीटरवर तो ०.३३ ऐवजी ०.१९ दाखवत होता. तिथे २७५ व्होल्ट एसीचा, थेट लाइनवर लावायच्या एक्स-टू प्रकारचा लागतो, आणि तोही काही रुपयांनाच मिळतो.

बोर्ड घेऊन आम्ही दोघं दुकानात गेलो. "आयसी कुठाय, दाखव," काका म्हणाले. त्याने ट्रान्झिस्टरवर बोट ठेवलं. काकांनी त्याचे पाय दाखवले. सोल्डर कारखान्यातलंच, कोणी हातही लावलेला नाही. तेव्हा गल्ल्यातून दोनशे रुपये काढून दुकानदार म्हणाला, "काका, विषय संपवा ना आता." ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करायचा विचार होता, पण बिलावर ना दुकानाचं नाव, ना सही. कमिटीने बाकीच्या ३४० रुपयांवर पाणी सोडलं. नवे कपॅसिटर आणि एलडीआर घालून काकांनी पाच दिवे लावून दिले. सहाव्याचं प्लास्टिक झाकण काढतानाच फुटलं.

घरी कोणी उघडणार असाल तर आधी प्लग काढा. कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरवायला त्याला समांतर रेझिस्टर असतो; तो गेलेला असला तर प्लग काढल्यावरही पिनांना हात लावताच शॉक बसतो. चालू असताना आतला प्रत्येक बिंदू थेट लाइनवर असतो, म्हणून दुरुस्तीनंतर काका पहिल्यांदा सिरीज बल्बवरच, म्हणजे वाटेत एक बल्ब जोडून, लावून बघतात.

आणि दुकानात दुरुस्तीला दिलात तर झाकण तुमच्यासमोर उघडायला लावा, काढलेला जुना पार्ट मागून घ्या, पक्कं बिल घ्या. दिवा ताब्यात घेताना सेन्सरवर अंगठा ठेवून बघा. अंगठ्याखाली लागला आणि काढल्यावर विझला, तरच पैसे द्या.