स्प्लेंडरला स्विचवाला यूएसबी चार्जर : अख्खा पावसाळा वापरून लिहितोय

डिलिव्हरी करणाऱ्यांनी, किंवा दिवसभर मॅप लावून फिरणाऱ्या कुणीही हा चार्जर बिनधास्त घ्यावा, फक्त स्विचवालाच घ्यावा आणि किल्लीनंतरच्या लाइनवरच (म्हणजे किल्ली चालू असतानाच करंट येतो त्या) बसवून घ्यावा, एवढं आधीच सांगून टाकतो. फोन बंद म्हणजे आपली ऑर्डर बंद. मॅप, डेटा, फुल ब्राइटनेस सगळं चालू असलं की दुपारच्या ऑर्डरी संपायच्या आत बॅटरी लाल होते, आणि पॉवर बँक खिशात ठेवून वायर हँडलपर्यंत आणायची तर ती रेनकोटात अडकते नाहीतर भिजते.

मी घेतला तो पुण्यात नाना पेठेत, साध्या डबीत मिळतो तो, डबीवर कंपनीचं नावसुद्धा नाही. एक साधा यूएसबी पोर्ट, एक टाइप-सी, बाजूला छोटं ऑन-ऑफ बटण, वर रबरी झाकण आणि आरशाच्या बोल्टात अडकवायची पट्टी. फिटिंग धरून पाचशेच्या आत काम झालं. वर ३ अँपिअर लिहिलंय पण मीटर लावला तर २.४ च्या आसपास मिळतो, म्हणजे १२ वॉट. मॅप चालू ठेवूनसुद्धा चार्जिंग वर चढत जातं, मला तेवढं पुरतं. गाडीवर फास्ट चार्जिंगच्या मागे लागूच नका, उन्हात होल्डरला लावलेला फोन आधीच तापलेला असतो आणि तापला की तो स्वतःच चार्जिंग कमी करतो.

आता वायरिंगचं, कारण चार्जर चांगला की वाईट हे निम्मं तिथेच ठरतं. बहुतेक वायरमन थेट बॅटरीवरून लाइन देतात कारण ते पाच मिनिटांचं काम आहे. पण माझ्या स्प्लेंडरची बॅटरी १२ व्होल्ट ३ एएच (अँपिअर अवर), केवढीशी ती! बटण चालू राहिलं तर फोन लावलेला नसताना नुसता निळा लाइट पेटवत हा चार्जर १५ मिलीअँपिअर खातो, मल्टिमीटर लावून बघितलंय. हिशोब केला तर दिवसाला ३६० मिलीअँपिअर अवर, म्हणजे गाडी आठवडाभर उभी राहिली की बॅटरी जवळपास रिकामी आणि सेल्फ तर त्याच्या खूप आधी बंद. गावाला गेलेली माणसं परत येऊन किका मारत बसतात आणि बॅटरीवाल्याला नावं ठेवतात. म्हणून लाइन किल्लीनंतरचीच पाहिजे, किल्ली काढली की चार्जर मेला.

ती लाइन हॉर्नच्या वायरवरून घेणं सोपं पडतं, समोरच असते. हीरो आणि होंडाच्या गाड्यांत साधारणपणे काळी वायर किल्लीनंतरची आणि हिरवी अर्थिंगची, तरी रंगावर भरवसा न ठेवता टेस्ट लॅम्प लावून बघा, किल्ली बंद केल्यावर दिवा विझला पाहिजे. हेडलाइटच्या वायरला मात्र अजिबात हात लावू नका. बऱ्याच जुन्या कम्युटर गाड्यांत हेडलाइटला थेट मॅग्नेटोचा (इंजिनवर फिरून वीज करणारा भाग) एसी करंट जातो आणि हे चार्जर डीसीवर चालतात, जोडला तर एकतर चालणार नाही नाहीतर जळेल. आणि वायरमनने कितीही 'गरज नाही' म्हटलं तरी चार्जरच्या लाइनला वेगळा ३ अँपिअरचा फ्यूज टाकून घ्या, पंचवीस-तीस रुपयांचं काम आहे. तो नसेल तर चार्जरमध्ये पाणी जाऊन शॉर्ट झाल्यावर गाडीचा मेन फ्यूज उडतो आणि गाडी भर रस्त्यात बंद पडू शकते. फ्यूज असेल तर चार्जर बंद, गाडी चालू. रिले (जड लोडसाठीचा आपोआप चालणारा स्विच) वगैरे एवढ्याशा लोडला लागत नाही, गाडीच्या १२ व्होल्टवर ही सव्वा अँपिअरची गोष्ट आहे, फॉग लॅम्प लावणार असाल तर तेव्हा बघा.

मग किल्लीवर बंद होतो तर वरून स्विच कशाला, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. पहिलं कारण सेल्फ. सेल्फ मारताना व्होल्टेज खाली येतं, चार्जर बंद-चालू होतो आणि फोन टिंग टिंग करत बसतो, म्हणून इंजिन चालू झाल्यावरच बटण दाबायचं. दुसरं कारण पाऊस, आणि खरे पैसे तिथेच वसूल होतात. ओल्या पोर्टमध्ये ५ व्होल्ट चालू राहिले की आतल्या धातूच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरं चढायला लागतं आणि काही दिवसांत पोर्ट सैल पडतो, कधी लागतो कधी नाही. बंद असेल तर नुसतं पाणी वाळून जातं. आमच्यातल्या काहींचे बिनस्विचचे चार्जर गणपतीपर्यंतच टिकले, माझा नवरात्र उलटून गेलं तरी पहिल्यासारखा चालतोय.

वॉटरप्रूफ लिहिलेलं असतं ते झाकण लावलेलं असताना. केबल घातली की झाकण उघडं, मग कसलं वॉटरप्रूफ! म्हणून पोर्टचं तोंड खाली करून बसवा आणि केबल आधी खाली झोल देऊन मग वर फोनकडे न्या, पाणी झोलापाशीच ठिबकतं. धुवायला गाडी दिली की वर प्लास्टिकची पिशवी बांधा, प्रेशरच्या पाण्यापुढे ते रबर टिकत नाही.

तक्रारी आहेतच. निळा लाइट रात्री डोळ्यात येतो, मी वरून काळी टेप लावलीय. बटण इतकं बारीक की ग्लोव्ह्ज घालून दाबता येत नाही. झाकणाचं रबर आताच सैल झालंय, पुढच्या पावसाळ्यापर्यंत तुटेल असं वाटतं.

केबल एल आकाराच्या पिनची घ्या, सरळ पिन हँडल वळवताना मुडपून तुटते. वायर बांधताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा, ताण येता कामा नये. आयफोनवाल्यांनी होल्डर रबरी डॅम्परचा घ्या, मोटरसायकलच्या व्हायब्रेशनने कॅमेरा बिघडू शकतो हे ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलंय. आणि गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापू देऊ नका, कपलर (वायर न कापता जोडायचा प्लग) लावून लाइन घ्यायला सांगा, थोडे पैसे जास्त जातील पण सर्व्हिस सेंटरला बोट दाखवायला जागा राहणार नाही.