लॅपटॉपचे निट मोजायचे: लक्समीटरने की कलरिमीटरने?

खोक्यावर ३०० निट (पडद्याच्या उजळपणाचं एकक) छापलेले, पण दुपारी खिडकीशी बसलं की पडद्यावर अक्षरांआधी आपलाच चेहरा दिसायचा. मागच्या वर्षी असा लॅपटॉप माझ्याकडे आला. परत करायची मुदत दहा दिवसांची, त्यामुळे मोजून बघणं भाग होतं.

मोबाइलमधलं ॲप मी पहिल्याच संध्याकाळी बाजूला ठेवलं. अँड्रॉइडवर अशी ॲप फोनच्या प्रकाश-सेन्सरचा आकडा दाखवतात आणि घरातल्या दोन फोनांचं एकमेकांशी जुळलं नाही. उरले लक्समीटर (एखाद्या जागेवर किती उजेड पडतो ते लक्समध्ये मोजणारा) आणि कलरिमीटर (पडद्याला टेकवून त्याचे रंग आणि उजळपणा मोजणारं यंत्र). मी आधी पहिला घेतला, नंतर दुसरा.

लक्समीटर स्वस्त पडतो आणि वापरायलाही सोपा. पडद्यावर पूर्ण पांढरं चित्र लावायचं, सेन्सरची पांढरी गोल टोपी मधोमध टेकवायची आणि आलेल्या लक्सना ३.१४ ने भागायचं. हा हिशेब पडदा सगळ्या दिशांना सारखाच उजळ दिसत असेल तरच बरोबर येतो. लॅपटॉपचा पडदा समोरून जास्त उजळ असतो, म्हणून उत्तर खऱ्यापेक्षा थोडं कमीच येतं. तेवढं मी चालवून घेतलं असतं.

चालवून घेता आलं नाही ते वेगळंच. सलग तीनदा मोजलं तर ६५५, ७१२, ६२८ लक्स, म्हणजे साधारण २०९, २२७ आणि २०० निट. मनगट जरा कललं की आकडा हलतो. घट्ट दाबून धरावं तर पातळ पॅनेलवर बोटाभोवती काळपट लाटा उठतात आणि जीव वरखाली होतो. बॅटरीवर कमी उजेड पडतो असा मला संशय होता. चार्जर काढून मोजलं, तर १९६ निट. आता हा फरक चार्जरचा की माझ्या हाताचा? तासभर खपूनही ते ठरेना. एकाच गोष्टीला दोनदा एकच उत्तर न देणाऱ्या मीटरच्या भरवशावर दुकानदाराशी बोलणार तरी काय?

मग एका फोटोग्राफर मित्राचा कलरिमीटर दोन दिवसांसाठी आणला. त्याच्या वायरवर एक वजन असतं, ते झाकणामागे सोडायचं. झाकण थोडं मागे कललं की यंत्र आपोआप पडद्याला सपाट टेकतं. कडेचा स्पंज खोलीतला उजेड अडवतो, हात लावावा लागत नाही. डिस्प्लेकॅल हे फुकट सॉफ्टवेअर पांढऱ्याची उजळी थेट कँडेला प्रति चौरस मीटरमध्ये देतं, आणि तेच निट. फक्त पडद्याचा प्रकार नीट निवडावा लागतो. आकडे आले २६२, २६१, २६२. चार्जर काढल्यावर २१४. ग्राफिक्सच्या सेटिंगमधली वीजबचत बंद केली, तर बॅटरीवरही २६१. तासभर सुटला नव्हता तो प्रश्न पाच मिनिटांत सुटला.

किंमत मात्र दहा-पंधरा पट. एकदाच मोजायचं असेल तर विकत घ्या असं मी म्हणणार नाही. ओळखीत कुणी फोटो किंवा छपाईचं काम करत असेल तर मागून बघा. लक्समीटरही वाया गेला असं नाही. मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर दिव्याचा उजेड किती पडतो ते मी त्यानेच बघतो, त्या कामाला तो उत्तम आहे. दोन लॅपटॉप शेजारी ठेवून ‘यातला जास्त उजळ कोणता’ एवढंच बघायचं असेल आणि फरक मोठा असेल, तर बहुधा तोही पुरेल.

कशानेही मोजा, पण पडदा अर्धा तास चालू ठेवून मग मोजा. ऑटो ब्राइटनेस आणि नाइट लाइट बंद हवेत. ओलेड (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो असा पडदा) असेल तर मोजताना पडद्यावरचा पांढरा चौकोन केवढा, हेही बघा. वेसा या पडद्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ट्रू ब्लॅक ५०० या ओलेडसाठीच्या मानकात ५०० निट छोट्या चौकोनासाठी आहेत. पूर्ण पांढऱ्या पडद्यासाठी ३०० पुरतात. मोठा आकडा बघून घेतलेल्या पडद्यावर पांढरं पान उघडलं की तो कमी उजळ वाटतो, त्याचं कारण बऱ्याचदा हेच.

माझा पडदा साधा एलसीडी होता, त्याला ही सबब लागू नव्हती. २६२ चा अहवाल छापून आठव्या दिवशी दुकानात गेलो. त्यांनी वाद न घालता बदलून दिला. दुसऱ्याचे ३११ आले आणि तोच खिडकीशी ठेवलाय.