टोकियोत राहायचं कुठे? पहिल्या खेपेला शिंजुकुपेक्षा असाकुसाबाशी बरं

टोकियोत हॉटेल शोधायला बसलेला माणूस आधी शिंजुकु किंवा शिबुया टाइप करतो, कारण तीच नावं कानावर असतात. पहिल्यांदा पाच-सहा दिवसांसाठी जाणाऱ्यांना आमचा सल्ला वेगळा आहे. शहराचा पूर्वेकडचा, सुमिदा नदीच्या काठचा पट्टा बघा: असाकुसा, कुरामाए, असाकुसाबाशी, निंगयोचो आणि जरा आत उएनो. त्यातलं एकच नाव घ्यायचं तर असाकुसाबाशी.

टोकियोला एक असं मध्य नाही. शहराला वेढा घालणारी यामानोते लाईन ३४.५ किलोमीटरची, तिच्यावर ३० स्टेशनं, पूर्ण फेरीला साधारण तास लागतो. कुठेही उतरा, रोजचा अर्धा-पाऊण तास गाडीत जाणारच. त्यामुळे ‘सगळ्याला जवळ’ असं हॉटेल शोधत बसण्यात अर्थ नाही. दोनच गोष्टी तपासा. विमानतळावरून येताना बॅगा घेऊन किती वेळा गाडी बदलावी लागते, आणि हॉटेलपासून लिफ्ट असलेलं एक्झिट किती लांब आहे. या दोन प्रश्नांवर शिंजुकु आणि शिबुया मागे पडतात.

असाकुसाबाशीला दोन लाईन मिळतात. एक तोएइ असाकुसा लाईन. तिच्यावरच्या काही गाड्या एका बाजूला थेट नारिताला आणि दुसऱ्या बाजूला थेट हानेदाला जातात, म्हणजे तिकीट कुठल्याही विमानतळाचं असो, गाडी न बदलता हॉटेलच्या दारापाशी पोचता येतं. दुसरी जेआरची (जपान रेल्वेची) सोबू लाईन, पिवळ्या पट्ट्याची. तिने अकिहाबारा एका स्टेशनावर आणि शिंजुकु वीसेक मिनिटांत, तेही न बदलता. उलट दिशेला पुढचंच स्टेशन र्‍योगोकु, तिथे सुमोचं स्टेडियम आहे. वस्ती घाऊक दुकानांची: बाहुल्या, मणी, कागद, सजावटीचं सामान. रात्री गजबज नसते, पण कोन्बिनी (रोजच्या वस्तूंचं छोटं दुकान) आणि साधी खाणावळ चार पावलांवर मिळते. इथली बहुतेक हॉटेलं साधी, कामानिमित्त येणाऱ्यांसाठी बांधलेली आणि स्वच्छ. शिंजुकुत जेवढ्या पैशांत कोपऱ्यातली खोली मिळते, तेवढ्यात इथे बहुधा त्याहून बरी मिळते.

इथे गडबड होते ती अशी. असाकुसा लाईनवरची प्रत्येक गाडी विमानतळाला जात नाही. एकाच प्लॅटफॉर्मवर एकामागून एक वेगवेगळ्या गावांच्या गाड्या येतात. नारिताची म्हणून भलतीच गाडी पकडली, तर ती मध्येच वेगळ्या फाट्याला वळते किंवा तिथेच संपते. बोर्डावर विमानाचं चिन्ह आणि ‘नारिता एअरपोर्ट’ हे दोन्ही दिसल्याशिवाय चढू नका. थेट गाड्यांमध्ये मोठं अंतर असतं, म्हणून परतीच्या दिवसाचं वेळापत्रक आदल्या रात्रीच पाहून ठेवा. हानेदाला उतरल्यावरही तेच: केइक्यू रेल्वेच्या प्लॅटफॉर्मवरून काही गाड्या योकोहामाच्या दिशेने निघतात. आणि असाकुसा व असाकुसाबाशी ही दोन वेगळी ठिकाणं आहेत, मध्ये कुरामाए येतं. बुकिंग करताना नकाशा उघडून खात्री करा.

कुरामाए दिसायला छान आहे, चामड्याच्या वस्तूंची आणि कॉफीची छोटी दुकानं आहेत. पण नकाशावर कुरामाएला असाकुसा आणि ओएदो या दोन लाईन एकत्र दिसत असल्या तरी दोन्ही स्टेशनं वेगळी आहेत. एकातून दुसऱ्यात जायला रस्त्यावर येऊन दोन-तीनशे मीटर चालावं लागतं. पावसात दोन बॅगा ओढताना हे अंतर चांगलंच जाणवतं.

असाकुसाला सेन्सोजी देवळाचा शेजार आहे, आणि तो शेजार सकाळी सातला अनुभवण्यासारखा आहे. कामिनारिमोन दरवाज्याचा लाल कंदील, देवळाकडे जाणाऱ्या नाकामिसे गल्लीची बंद दुकानं, त्यांच्या शटरवरची चित्रं, आणि देवळात येणारी मोजकी माणसं. दहानंतर तिथे चालायला जागा उरत नाही. राहण्यासाठी असाकुसाची जमेची बाजू म्हणजे गिंझा लाईन. १९२७ साली सुरू झालेली ही आशियातली पहिली भुयारी रेल्वे आज असाकुसाहून उएनोला पाच मिनिटांत आणि गिंझा, शिबुयाला न बदलता नेते. निक्कोला जायचं असेल तर तोबू रेल्वेच्या एक्स्प्रेस गाड्या इथूनच सुटतात. उणी बाजू संध्याकाळची. नाकामिसे सहाच्या सुमाराला आवरतं आणि मुलांना घेऊन उशिरा जेवायला निघालात तर पर्याय कमी होतात. आणखी एक सापळा: त्सुकुबा एक्स्प्रेसचं ‘असाकुसा’ स्टेशन बाकीच्या असाकुसा स्टेशनांपासून अर्ध्या किलोमीटरहून लांब आहे. ‘असाकुसा स्टेशन, २ मिनिटं’ असं वाचलंत तर कुठलं असाकुसा, हे आधी विचारा.

उएनो हे ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांसाठी चांगलं. नारिताहून केइसेइ रेल्वेची स्कायलायनर ही जलद गाडी पाऊण तासाच्या आत येते, सगळ्या जागा आरक्षित, बॅगांना वेगळी जागा. बाग, राष्ट्रीय संग्रहालय आणि प्राणिसंग्रहालय पायी अंतरावर. आमेयोको बाजारातल्या एका इमारतीच्या तळघरात आशियाई मसाले, भाज्या, मासळी मिळते, आणि शेजारच्या ओकाचिमाचीत भारतीय जवाहिऱ्यांची जुनी वस्ती असल्यामुळे शाकाहारी जेवणाची सोय त्या भागात होते. फक्त हे लक्षात ठेवा की केइसेइ उएनो आणि जेआर उएनो ही स्टेशनं वेगळी आहेत, मध्ये रस्ता आहे. क्योतोची शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेनही उएनोहून सुटत नाही. ती टोकियो स्टेशन किंवा शिनागावाहून घ्यावी लागते.

‘उएनो’च्या नावाखाली स्वस्तात दिसणारी काही हॉटेलं खरं तर उगुइसुदानी स्टेशनाजवळ असतात. त्या स्टेशनाची एक बाजू तासांच्या हिशेबाने भाड्याने मिळणाऱ्या जोडप्यांच्या हॉटेलांनी भरलेली आहे. धोका काही नाही, पण आईवडिलांना घेऊन तिथे उतरायचं नसेल तर पत्ता नीट वाचा. त्याऐवजी इरियाच्या बाजूला शांत हॉटेलं आहेत आणि हिबिया लाईन जवळ आहे.

निंगयोचो आणि निहोनबाशी ही कचेऱ्यांची वस्ती. शनिवार-रविवारी रस्ते मोकळे असतात आणि पर्यटकांच्या भागात शनिवारचे दर चढलेले असताना इथे ते बेताचे राहू शकतात. निंगयोचोला असाकुसा आणि हिबिया लाईन, जवळच्या सुइतेंगुमाएहून हान्झोमोन लाईन थेट शिबुयाला. त्याच स्टेशनाला लागून टोकियो सिटी एअर टर्मिनल आहे, तिथून विमानतळाच्या बस सुटतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना जिने चढण्यापेक्षा ही बस कितीतरी सोयीची.

आता शिंजुकु. हे जगातलं सर्वांत गजबजलेलं स्टेशन, एक्झिट २०० हून जास्त. चुकीच्या एक्झिटने बाहेर पडलात तर बरोबरच्या ठिकाणी यायला १५-२० मिनिटं सहज जातात. २०२० मध्ये पूर्व-पश्चिम जोडणारा मोकळा रस्ता झाल्यापासून तिकीट न लावता स्टेशनाखालून आरपार जाता येतं, ही मोठी सोय झाली. तरी पश्चिमेला मोठं पुनर्बांधणीचं काम चालू आहे आणि वाटा बदलत राहतात. शिंजुकु घ्यावं ते दोनच कारणांसाठी. हाकोनेला जायचं असेल तर ओदाक्यू रेल्वेची रोमान्सकार ही गाडी इथून सुटते. फुजीच्या पायथ्याशी कावागुचिकोला जायचं असेल तर दक्षिण एक्झिटच्या वरच्या बुस्ता शिंजुकु टर्मिनलवरून बस मिळते. सकाळी सातची बस असेल तर आदल्या रात्री इथे मुक्काम शहाणपणाचा. हॉटेल मात्र पश्चिमेला घ्या, जिथे सरकारी मनोरे आहेत. त्यातल्या महानगर सरकारच्या इमारतीचा २०२ मीटर उंचीवरचा सज्जा फुकट आहे. पूर्वेचं काबुकिचो पाहायला जा, राहायला नको. बारमध्ये ओढणारे दलाल रस्त्यात गाठतात, आणि त्यांच्यामागे गेलेल्याला अवाच्या सवा बिल येतं. ध्वनिक्षेपकावरून त्याचीच सूचना चालू असते.

शिबुयाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. महाग, चढ-उताराचं. गिंझा लाईन जमिनीच्या वर तिसऱ्या मजल्यावर आणि फुकुतोशिन लाईन जमिनीखाली पाचव्या. बॅगा घेऊन हा प्रवास करू नये.

इकेबुकुरो शिंजुकुपेक्षा स्वस्त, तेवढंच गोंधळाचं. त्यापेक्षा एक स्टेशन पुढचं ओत्सुका बघा. यामानोते लाईन आहे, स्टेशन आटोपशीर आहे, समोरून शहरातली जुनी ट्राम जाते, आणि जवळ मशीद असल्यामुळे हलाल सामानाची दुकानं आहेत. डाळ, तांदूळ, मसाला असं सामान हवं असेल तर शिन-ओकुबोही आहे, पण तिथे कोरियन दुकानांसाठी येणाऱ्या तरुणांची इतकी गर्दी असते की बॅग घेऊन फुटपाथवर चालणं जमत नाही.

मराठी प्रवासी हमखास विचारतात ते निशि-कासाई. २००० च्या सुमारास आलेल्या भारतीय आयटी इंजिनिअरांमुळे इथे भारतीय वस्ती वाढली. २०१९ मध्ये एदोगावा वॉर्डाच्या असेंब्लीवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक याच वस्तीतले, मराठी. किराणा, भाज्या, शाकाहारी जेवण, हिंदी-मराठी बोलणारी माणसं, सगळं मिळतं. तरीही पर्यटकाने मुक्काम इथे करू नये असं आमचं मत आहे. एकच लाईन, तोझाई, आणि सकाळी शहराच्या दिशेने ती देशातल्या सर्वांत गर्दीच्या लाईनींपैकी एक. जलद गाड्या तर निशि-कासाईला थांबतच नाहीत. दुपारी निहोनबाशी किंवा कायाबाचोहून वीस मिनिटांच्या आत इथे पोचा, जेवा, पिशवी भरा आणि परत या. लहान मुलांसह डिस्ने हाच मुख्य बेत असेल तर गोष्ट वेगळी, कारण पुढच्या कासाई स्टेशनाहून डिस्नेला बस आहे.

ओएदो लाईनवरचं हॉटेल असेल तर अंतराच्या आकड्यावर विसंबू नका. ही लाईन फार खोल आहे, रोप्पोंगीचा प्लॅटफॉर्म जमिनीखाली ४२ मीटरवर. ‘स्टेशनापासून ३ मिनिटं’ म्हणजे एक्झिटपासून तीन मिनिटं. जपानी जाहिरातींत एका मिनिटाला ८० मीटर असा हिशेब रूढ आहे, तोही मोकळ्या हातांनी आणि सिग्नल न धरता. बॅगांसह तो दुप्पट धरा. शिवाय बऱ्याच भुयारी स्टेशनांत लिफ्ट एखाद्याच एक्झिटला असते, आणि ते तुमच्या हॉटेलच्या बाजूचं असेलच असं नाही. मेट्रोच्या संकेतस्थळावर प्रत्येक स्टेशनाचा नकाशा आहे. बुकिंगच्या आधी त्यात लिफ्टचं एक्झिट शोधा आणि तिथून हॉटेलचं अंतर मोजा. पाच मिनिटांचं काम आहे.

खोलीचं क्षेत्रफळ वाचल्याशिवाय पैसे भरू नका. साध्या बिझनेस हॉटेलची खोली ११ ते १४ चौरस मीटर, म्हणजे न्हाणीघर धरून १२० ते १५० चौरस फूट. ‘सेमी-डबल’ हा पलंग साधारण १२० सेंटिमीटर रुंद असतो. दोघांना चालेल असं हॉटेल लिहितं, पण दोन प्रौढांना त्यावर पाठ फिरवता येत नाही. जोडप्याने १४० सेंटिमीटरचा डबल किंवा ट्विन घ्यावा. दोन मोठ्या सुटकेस एकाच वेळी उघडायच्या असतील तर १८ चौरस मीटरच्या खाली जाऊ नका. चौघांच्या कुटुंबासाठी स्वयंपाकघर असलेली अपार्टमेंट-हॉटेलं उएनो आणि निहोनबाशीच्या भागात बरीच आहेत. कट्टर शाकाहाऱ्यांना तर ती घ्यावीच लागतात: जपानी रश्शात माशाचा अर्क असतो, हॉटेलच्या न्याहारीचं मिसो सूपही त्यातच होतं, आणि कोन्बिनीतल्या आंबट प्लमच्या ओनिगिरीतही (भाताच्या मुटक्यातही) तो असू शकतो. एक पातेलं, थोडी मूगडाळ आणि तांदूळ असले की रात्रीचा प्रश्न सुटतो.

धूम्रपानाच्या खोल्या अजून विकल्या जातात आणि त्या बहुधा स्वस्त दिसतात. वास पडद्यात मुरलेला असतो. चेक-इन दुपारी तीनला, चेक-आउट दहा किंवा अकराला. सकाळच्या विमानाने पोचलात तर बॅगा स्वागतकक्षात ठेवून बाहेर पडता येतं, त्याचे बहुधा पैसे लागत नाहीत. रात्री एकच्या सुमारास गाड्या थांबतात आणि पाचच्या आसपास सुरू होतात. टॅक्सीला रात्री दहापासून जादा दर. रात्री उशिरा उतरणारं विमान असेल तर पहिली रात्र विमानतळाजवळच काढा.

मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात साकुराचा बहर आणि २९ एप्रिल ते ५ मे हा गोल्डन वीक, या दिवसांचं बुकिंग चार-पाच महिने आधी करा आणि रद्द करता येणारा दर घ्या. भुयारी रेल्वेचा २४, ४८ किंवा ७२ तासांचा पास पूर्वेच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना फायद्याचा पडतो. तो मेट्रो आणि तोएइ या भुयारी रेल्वे चालवणाऱ्या दोन्ही संस्थांच्या गाड्यांवर चालतो, जेआरवर नाही. म्हणजे असाकुसाबाशीहून सोबू लाईनने शिंजुकुला जाताना वेगळे पैसे पडतील, त्यासाठी सुइका किंवा पास्मो हे आधी पैसे भरून वापरायचं कार्ड जवळ ठेवा.

टोकियोनंतर क्योतोला निघणार असाल तर सुटकेसची लांबी, रुंदी, उंची मोजून बेरीज करा. १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर तोकाइदो शिनकानसेनमध्ये तिच्यासाठी खास आसन आधी राखून ठेवावं लागतं, नाही तर १००० येन भरावे लागतात. त्यापेक्षा आदल्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवरून ताक्क्यूबिनने (सामान घरपोच पोचवणाऱ्या सेवेने) बॅग क्योतोच्या हॉटेलला पाठवा. सकाळी दिलेली बॅग साधारण दुसऱ्या दिवशी पोचते, म्हणून एका रात्रीचे कपडे आणि औषधं पाठीवरच्या पिशवीत काढून ठेवा.