गोळे आले, इलेक्ट्रॉन काही आले नाहीत

मी कराडात घरी आठवी ते दहावीच्या मुलांची शिकवणी घेते. सोळा वर्षं फळ्यावर टिंबं नि फुल्या काढून रासायनिक बंध शिकवले. यंदा जूनमध्ये म्हटलं, पोरांच्या हातात काहीतरी द्यावं, आणि रेणूंचं मॉडेल किट ऑनलाइन मागवलं. ६४९ रुपये. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तक्रार पुढे येतेच आहे.

आधी चांगलं सांगते. गोळे दणकट आहेत, रंग नेहमीचे: कार्बन काळा, ऑक्सिजन लाल, हायड्रोजन पांढरा, नायट्रोजन निळा, क्लोरीन हिरवा. हे रंग जुने आहेत. हॉफमन या रसायनशास्त्रज्ञांनी १८६५ साली लंडनमध्ये व्याख्यानाला क्रोके या खेळाचे चेंडू रंगवून नेले होते, तेव्हापासूनचे. प्रत्येक गोळ्याला जेवढी भोकं तेवढी त्याची संयुजा, म्हणजे तो अणू किती बंध करतो तो आकडा, त्यामुळे 'कार्बनची संयुजा चार' हे पाठ करावं लागत नाही, बोटानं मोजता येतं. मिथेन जोडून टेबलावर ठेवलं की तीन पायांवर तिपाईसारखं उभं राहतं आणि चौथा हायड्रोजन वर. वहीत सगळी पोरं अधिकच्या चिन्हासारखं सपाट मिथेन काढतात. हॉफमन यांचंही सपाटच होतं! कार्बनचे चार बंध सपाट नसून चतुष्फलकाच्या (त्रिकोणी बाजूंच्या पिरॅमिडच्या) चार कोपऱ्यांकडे जातात हे व्हांट हॉफ या रसायनशास्त्रज्ञांनी १८७४ मध्ये मांडलं, तेव्हा ते जेमतेम २२ वर्षांचे होते. हे सांगितलं की दहावीची पोरं जरा सावरून बसतात.

दुहेरी बंधासाठी लांब, वाकणाऱ्या काड्या दिल्यात. त्या मला सगळ्यात आवडल्या. इथेन जोडा (दोन कार्बनमध्ये एकच काडी), मधली काडी धरून एक बाजू गरगर फिरते. इथीन जोडा (मधे दोन काड्या), फिरतच नाही. यावर मला एक शब्द बोलावा लागला नाही.

आता तक्रार. बारा लाल गोळ्यांपैकी चार गोळ्यांची भोकं बरोबर समोरासमोर पाडलेली निघाली. त्यातून पाणी जोडलं की हायड्रोजन-ऑक्सिजन-हायड्रोजन एका रेषेत, लाटणं जणू. पाण्यात हा कोन १०४.५ अंशांचा असतो. उरलेल्या आठ गोळ्यांत तो १०९ च्या आसपास येतो, ते चालतं. पण १८० कसं चालेल? या चार गोळ्यांनी कार्बन डायऑक्साइडही होत नाही, कारण दोन्ही काड्या कार्बनकडे वळतच नाहीत. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "मॅडम, ऑक्सिजनला दोन भोकं पाहिजेत, दोनच आहेत." पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. यांना म्हटलं तर हे म्हणाले, "भोकं मोजून दिलीत ना, मग झालं." घरातही तोच न्याय.

दुसरी गोष्ट कंपनीची चूक म्हणावी की नाही, ठरत नाही. एकेका भोकाचे जांभळे गोळे सोडियम म्हणून दिलेत आणि सोबतच्या कागदावर जांभळा नि हिरवा गोळा काडीनं जोडून खाली 'मिठाचा रेणू' असं छापलंय. मिठात अशी जोडपी नसतात हो. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड (म्हणजे एक इलेक्ट्रॉन घेतलेला क्लोरीन), प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, आणि हीच रांग पुढे चालू. मी जांभळे गोळे बाजूला काढले आणि ताटात फुटाणे-शेंगदाणे एकाआड एक मांडून दाखवलं. चार शेजारी ताटात दिसतात, उरलेले दोन एक वर नि एक खाली, ते मनात धरायचे. तास संपेपर्यंत स्फटिक खाऊन संपला.

आणि मूळ अडचण अशी, की बंध किती ते किट दाखवतं, का ते दाखवत नाही. काडी म्हणजे नक्की काय, या प्रश्नाला डब्यात उत्तर नाही. म्हणून मी जोडीला माझं बिनखर्चाचं किट ठेवलंय: मधे अणुकेंद्र म्हणून सुपारी, तिच्याभोवती भाचीची बांगडी, मग माझी बांगडी, मग भरतकामाची लाकडी रिंग, आणि इलेक्ट्रॉन म्हणून मूठभर चिंचोके. के, एल, एम अशी इलेक्ट्रॉनांची तीन कवचं झाली. सोडियम २, ८, १. क्लोरीन २, ८, ७. आठवीतल्या एका मुलाला म्हटलं, दोघांचं अष्टक, म्हणजे बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण करून दाखव. त्यानं सोडियमच्या रिंगमधला एकुलता चिंचोका उचलून क्लोरीनकडे टाकला, मग थांबून म्हणाला, "बाई, ही रिंग आता रिकामी झाली. काढू का?" काढ म्हटलं. रिंग गेल्यावर सोडियम एवढासा उरला. अकरा प्रोटॉन, दहा इलेक्ट्रॉन, धन प्रभार एक. सोडियमचा आयन, म्हणजे असा प्रभार आलेला अणू, मूळ अणूपेक्षा लहान असतो हे मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी विसरलं जातं. यंदा नाही विसरणार.

सहसंयुज बंधाला, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेतलेल्या बंधाला, दोन बांगड्या थोड्या एकमेकींवर चढवायच्या आणि सामायिक जागेत दोन चिंचोके ठेवायचे, दोन्हीकडून मोजायचे. मग किटमधली काडी दाखवायची: ही एक काडी म्हणजे ते दोन चिंचोके. या क्रमानं गेलं की किट कामाला येतं. उलट्या क्रमानं गेलात तर पोरं जन्मभर अणूंना भोकं असतात असं समजतील.

(पोटॅशियम २, ८, ९ का नाही, एममध्ये तर १८ मावतात, असं एकीनं विचारलंच. तिथे बांगड्याही हात टेकतात. पुढच्या कवचातली पहिली जागा कमी ऊर्जेची पडते, म्हणून एकोणिसावा इलेक्ट्रॉन तिकडे जातो, एवढंच सांगून बाकी अकरावीवर सोडलं.)

किरकोळ गोष्टी: काड्या भोकात फार घट्ट बसतात, एक आत मोडली ती तापवलेल्या सुईनं काढली. पांढरे गोळे कपाटाखाली पळतात, तेव्हा सतरंजीवर बसूनच खेळा. पाचपैकी साडेतीन तारे. घ्यायचं असेल तर घ्या, पण आल्या दिवशी लाल गोळे तपासा.

ते चार सरळ ऑक्सिजन मी टाकले नाहीत. पाणी वाकडं असल्यानं दोन्ही हायड्रोजन एका अंगाला येतात, तिकडे किंचित धन आणि ऑक्सिजनकडे किंचित ऋण, म्हणून ते मिठाच्या आयनांना ओढून काढतं, हे शिकवून झालं की मी त्यातलं एक सरळ पाणी गुपचूप फिरवते. परवा नववीतल्या मुलीनं हातात घेतल्या घेतल्या परत दिलं. म्हणाली, "बाई, ह्यात मीठ विरघळायचं नाही."